एका थालीपिठामागे पाच रुपये

(डोंबिवली. पोळी-भाजी केंद्र. संध्याकाळचे सहा. थोड्याच वेळात गाड्या भरभरून माणसं उतरतील, त्याआधी आत्याला पोळ्यांची चळत उभी करायची आहे. भाचा आयटीतला, लॅपटॉप ठेवायला कोरडी जागा शोधतोय. ती पिठाच्या डब्यावर आहे, असं त्याला वाटतं.)

भाचा : आत्या, मी राजीनामा दिला.

आत्या : कशासाठी रे?

भाचा : थालीपिठासाठी.

आत्या : मागितलं असतंस तर तसंच दिलं असतं.

भाचा : धंदा गं! थालीपिठांचं आउटलेट. लोगो झाला, टी-शर्ट छापून आले, दसऱ्याचा मुहूर्त आहे. ही बघ पहिली स्लाइड, 'व्हिजन २०३०'.

आत्या : २०३० राहू दे. एका थालीपिठाला खर्च किती येतो?

भाचा : ते सतराव्या स्लाइडवर आहे.

आत्या : दाखव.

भाचा : स्लाइड आहे. आकडा टाकायचाय.

(आत्या दिनदर्शिकेचं गेल्या महिन्याचं पान फाडून पाठकोरं त्याच्यापुढे सरकवते. त्यावर तेलाचा एक डाग आधीच आहे.)

आत्या : लिही. भाजणी?

भाचा : बारा रुपये.

आत्या : हा तुझ्या आईचा भाव. ती भाजायची मजुरी घेत नाही, गॅस तुझ्या बाबांचा, दळायलाही तीच जाते. वीस लिही. तेल?

भाचा : दोन.

आत्या : कधी थापलंयस का थालीपीठ? मध्ये भोकं पाडून त्यांत तेल सोडतात, कडेनं वेगळं. सहा लिही. लोण्याचा गोळा बारा. दही आणि ठेचा सात. डबा?

भाचा : डबा कसला?

आत्या : गिऱ्हाईक काय ओंजळीत नेणार? पाच. झाले किती?

भाचा : पन्नास. आणि आम्ही विकणार साठला! दहा रुपये सुटले की.

आत्या : घरपोच देणारं ते अ‍ॅप किती कापतं म्हणालास?

भाचा : पंचवीस टक्के.

आत्या : साठाचे पंधरा. म्हणजे पासष्ट घालून साठ मिळवणार.

भाचा : ते व्हॉल्यूममध्ये भरून निघतं, आत्या. रोज दोनशे थालीपिठं गेली की...

आत्या : की रोज हजार रुपये तोटा. एकही गेलं नाही, तर तेवढेच वाचतील.

(शांतता. एमबीए झालेल्या माणसालाही भागाकार येतो; फक्त त्याला कुणी तो विचारत नाही.)

भाचा : मग नव्वद ठेवतो.

आत्या : ठेव. साडेबावीस अ‍ॅपचे, पन्नास खर्चाचे. राहिले साडेसतरा. गाळ्याचं भाडं?

भाचा : पस्तीस हजार. फक्त.

आत्या : मग महिन्याची पहिली दोन हजार थालीपिठं गाळेमालकाची. वीज, माणसांचा पगार आणि तुझा पगार त्यानंतर.

भाचा : माझा कशाला? मी तर मालक.

आत्या : मालकाला पोट नसतं? तुझ्या जागी माणूस ठेवलास तर काय देशील, ते पहिल्या महिन्यापासून खर्चात धर. गल्ल्यातून लागतील तसे उचललेस, तर धंदा चालतोय की तू तो खातोयस, हे कळायचं नाही. गाळ्याचा करार किती दिवसांचा?

भाचा : तेहेतीस महिने. लॉक-इन अठरा. म्हणजे काहीतरी सुरक्षितता असते.

आत्या : असते, मालकाची. धंदा तिसऱ्या महिन्यात बसला, तरी भाडं अठरापर्यंत मागेल तो. टोकन दिलंस?

भाचा : उद्या देणार.

आत्या : उद्या काही देऊ नकोस. महिनाभर माझ्या ओट्यावर उभा राहा. नव्वदचं थालीपीठ लोक घेतात का बघ. दुसऱ्यांदा येतात का, तेही बघ.

भाचा : पण कागदपत्रं तयार आहेत गं. उद्यम नोंदणी केली. एजंटानं अडीच हजारांत करून दिली.

आत्या : ती सरकारी साइटवर फुकट होते. २०२० पासून.

भाचा : जीएसटी नंबरही घेतला. वजन पडतं.

आत्या : खाऊ घालणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नंबर सक्तीचा नाही. आता विक्री होवो न होवो, विवरणपत्र भरत बस.

भाचा : शून्याचं?

आत्या : शून्याचंच. उशीर झाला तर दिवसाला वीस रुपये दंड.

भाचा : काहीच न विकल्याबद्दल?

आत्या : काहीच विकलं नाही हे वेळेवर न सांगितल्याबद्दल. बरं, भांडवल कुणाचं?

भाचा : माझा पीएफ आणि मित्राचे दोन लाख. आम्ही भागीदार. तो नोकरी सोडणार नाही, पण शनिवार-रविवार येईल.

आत्या : कागद केलात?

भाचा : आत्या, शाळेपासूनचा मित्र आहे!

आत्या : म्हणून तर आता करायचा. भांडण झाल्यावर कोण सही करतो? वेगळं काही ठरवलं नसलं, तर १९३२ चा भागीदारी कायदा काय म्हणतो माहितीये? नफा दोघांत सारखा.

भाचा : मी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबलो तरी?

आत्या : तरी. आणि राबण्याचा पगार नाही.

भाचा : आणि तोटा?

आत्या : तोही सारखा. त्यानं फर्मच्या नावावर धंद्याची उधारी केली, तर देणेकरी तुझ्या दारातही येऊन पूर्ण रक्कम मागू शकतो. तुझं घर, तुझी गाडी, सगळं त्यात.

भाचा : हे तुला कुणी सांगितलं?

आत्या : सीएनं. फी मोजून ऐकलं, म्हणून लक्षात राहिलं.

(पहिली गाडी आली असावी. ओट्यापुढे चार माणसं. आत्या पोळ्या मोजून कागदात गुंडाळते, सुटे पैसे न बघता परत देते. भाच्याचा फोन वाजतो. तो कोपऱ्यात जाऊन हळू बोलतो आणि परत येतो तेव्हा चेहरा तव्यावरून उतरवल्यासारखा.)

आत्या : कोण होतं?

भाचा : मित्र. निऑनची पाटी मागवली म्हणाला. ऐंशी हजारांची.

आत्या : पैसे दिले?

भाचा : नाही. फर्मच्या नावावर लिहून ठेवायला सांगितलेत.

आत्या : पत्ता कुणाचा दिलाय?

भाचा : माझा. तो म्हणाला, पाटी आली की घेऊन ठेव. त्याला शनिवारपर्यंत वेळ नाही.