बोगनवेलीला वठणीवर आणण्याचे शास्त्र

गणपती येऊन गेले, पाऊस परतीच्या वाटेला लागला, तरी गच्चीतली बोगनवेल नुसता हिरवा पाला मिरवत उभी. तिकडे महामार्गाच्या दुभाजकावर डांबराच्या झळा आणि ट्रकचा धूर खाणारी, टँकर आला तरच पाणी मिळणारी तिची बहीण मात्र राणी रंगात न्हालेली. हे पाहून बागप्रेमी गृहस्थ हळहळतो आणि आपल्या वेलीला आणखी एक मूठ खत घालतो. प्रस्तुत मार्गदर्शन त्या गृहस्थासाठी आहे. खरं तर त्याच्यापासून वेलीचं रक्षण व्हावं म्हणून.

सर्वप्रथम झारी जप्त करावी.

ब्राझील, पेरूकडची ही वेल कोरडे दिवस काढायला सरावलेली आहे. पाण्याची चणचण भासली की तिची उंच होण्याची हौस जिरते आणि ती कळ्यांकडे वळते. आपल्याकडे पावसाळ्यात ती फुकटचं पिऊन नुसती माजते. म्हणून पाऊस उघडला की पाणी तोडायचं. माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडी झाली, कोवळी पानं किंचित मान टाकू लागली, की एकदाच कुंडीच्या बुडातून निथळेल इतकं पाणी द्यायचं आणि पुन्हा उपास. हा उपास साबुदाण्याच्या खिचडीचा नसावा. घरात कनवाळू आजी असल्यास त्या दुपारी गुपचूप तांब्या रिकामा करून येतात. कुंडीखालची ताटली ओली दिसली तर समजावं.

खताबाबत धोरण कंजूषपणाचं. नत्र जास्त झालं की पानंच पानं, त्यामुळे युरियाची पुडी दृष्टीआड ठेवावी. द्यायचंच तर थोडं पोटॅश. कुंडीही दहा-बारा इंचांची पुरे. वेलीला टू बीएचके दिलं की ती आधी सगळ्या खोल्या मुळांनी भरते आणि मग सवडीने फुलांचं बघते.

ऊन मात्र सढळ हवं. रोज पाच-सहा तास, थेट अंगावर पडणारं. सज्जाच्या जाळीतून झिरपणारा उजेड कितीही काव्यमय वाटला तरी तो ऊन या सदरात मोडत नाही.

छाटणी गणपतीच्या आगेमागे उरकावी. फुलं नव्या फुटव्यांवर येतात आणि फुटवा तयार व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे जातात, म्हणजे हिशेब दिवाळीला येतो. हातमोजे घालावेत आणि हात थोडा वेळ थांबवून फांदी नीट बघावी. पानाच्या बगलेतून जिथे काटा निघालेला असतो, तिथूनच फुलांचा घोसही निघू शकतो. त्या कोंबाने पुढे काटा व्हायचं की फूल, हे बरंचसं दिवसाच्या लांबीवर ठरतं. जूनमध्ये पुण्यातला दिवस 13 तासांहून मोठा असतो. 23 सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र समान होतात, त्यानंतर रात्र वाढत जाते आणि पारडं फुलांकडे झुकतं. तेव्हा गच्चीवर रात्रभर जळणारा दिवा वेलीच्या डोक्यावर नसलेला बरा.

वेलीच्या खानदानाचा बाऊ करू नये. तिला नाव मिळालं ते फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हीलचं. त्याच्या मोहिमेतला वनस्पतीतज्ज्ञ कोमेर्सों 1767 मध्ये रिओ दि जानेरोला उतरला, तेव्हा ती त्याच्या नजरेत भरली. त्याची मदतनीस झान बारे त्या जहाजावर पुरुषाच्या वेशात वावरत होती. वेलीचंही सोंग जवळजवळ तसंच. आपण जिला फूल म्हणून वाखाणतो ती तीन रंगीत पानं. खरी फुलं त्यांच्या पोटातल्या बारीक, पांढरट नळ्या. कूळही साधंच, अंगणातल्या गुलबक्षीचं. आता दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था बोगनवेलीच्या नव्या वाणांची जागतिक नोंदणी पाहते. पण त्या दप्तरात नाव लागलं म्हणून कोणतीही वेल गच्चीवर लवकर फुलत नाही.

कळ्या दिसल्या की उपास सोडवावा आणि पाणी नेमाने द्यावं. भर बहरात तहान ताणली तर रंग गळून पडतो. शिवाय कुंडी इकडून तिकडे हलवू नये, पाहुण्यांना दाखवायलासुद्धा.

बहर ओसरल्यावर हे सगळं कागदी वैभव वाऱ्याबरोबर खालच्या मजल्यावर उतरतं, बहुधा तिथे नुकत्याच काढलेल्या रांगोळीवर. बेल वाजताच गृहस्थाने केरसुणी घेऊन खाली जावं. ही फुलं नसून पानं आहेत, हा वाद तिथे काढू नये.