पर्समध्ये किती उरले?

क्रिकेटवेडा माणूस ओळखायला सोपा. एप्रिलमध्ये तो निळा टीशर्ट घालतो, मेमध्ये घसा बसवून घेतो आणि जूनमध्ये छत्री शोधायला लागतो. लिलाववेड्याचं तसं नाही. तो एप्रिल-मेमध्ये शोधूनही सापडत नाही. दिवाळीचा कंदील खाली उतरला, की तो उगवतो. आयपीएलच्या कुठल्या संघाने कुणाला ठेवलं, कुणाला सोडलं याच्या याद्या तेव्हा बाहेर पडतात आणि पुढचा दीड-दोन महिना आसपासच्या माणसांचं काही खरं नसतं.

आमच्या जुहूच्या सोसायटीत हा नमुना एकच आहे, पण तेवढा पुरतो. मागे आम्ही त्यांना लिलावकाका म्हणतो, तोंडावर नुसतं काका. बँकेतून निवृत्त, वय पंच्याहत्तरच्या आसपास, संघ मुंबई इंडियन्स. सकाळी चौपाटीवर चालायला गेलेल्या माणसाला पळायला तशीही वाट कमी. एका अंगाला समुद्र असतो, दुसऱ्या अंगाला काका.

"बुमराह अठरा. सूर्या सोळा पस्तीस. हार्दिक सोळा पस्तीस. रोहित सोळा तीस. तिलक आठ." हे 'गुड मॉर्निंग'च्या जागी. आकडे कोटींतले, ३१ ऑक्टोबर २०२४ला जाहीर झालेले; पण काका ते आजही कालच्यासारखे सांगतात. "आता मला सांग, रोहितला पाच लाख कमी का?"

मी म्हटलं, "काका, सोळा कोटींत पाच लाख म्हणजे काय!"

"बेरीज कर. पंच्याहत्तर! बोर्डाचा तक्ताच होता. अठरा, चौदा, अकरा, पुन्हा अठरा, पुन्हा चौदा. पाच जण ठेवायचे, तर पर्समधल्या एकशेवीसातून पंच्याहत्तर जाणारच. यांनी ती रक्कम एकत्र केली आणि आपसात वाटली. बेरीज जुळवायला पाच लाख कुणाच्या तरी अंगावर येणार, हे मान्य. पण रोहितच्याच? वाटायला कोण बसलं होतं?" भावकीच्या वाटणीत परसातला फणस पुतण्याला गेल्यावर थोरल्या चुलत्याचा चेहरा होतो, तसा काकांचा झाला होता. मग एकदम बँकेतला माणूस जागा झाला. "बरं, पर्समध्ये किती उरले?"

"पंचेचाळीस कोटी," मी म्हणालो. इतक्या सकाळी माणूस वजाबाकी करतो ती भीतीपोटी.

हा प्रश्न काका सगळीकडे विचारतात. भाचीच्या लग्नात मुलाकडच्यांनी तिसरा गोड पदार्थ वाढला, तेव्हा त्यांनी व्याह्यांच्या कानाशी लागून विचारलं, "पर्समध्ये किती उरले?" काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी डॉक्टर म्हणाले, की सांधा इम्पोर्टेड घालू. काका म्हणाले, "घाला, पण लक्षात ठेवा, परदेशी चारच चालतात. दोन गुडघ्यांत दोन गेले. पर्समध्ये किती उरले?" डॉक्टरांना वाटलं, गृहस्थांना सवलत हवी आहे. त्यांनी ती दिली. तेव्हापासून काकांचा या प्रश्नावरचा विश्वास दुणावला आहे.

किमतीबद्दल त्यांचा एक सिद्धांत आहे आणि तो दुर्दैवाने बरोबर आहे. लिलावात किंमत जिंकणारा ठरवत नाही, हरणारा ठरवतो. एखाद्यासाठी तुम्ही पन्नास कोटी द्यायला तयार असाल, पण दुसरा दहावर गप्प बसला, तर तो तुम्हाला दहाच्या थोडा वर मिळतो. म्हणून खेळाडूने बॅट सुधारण्याआधी दुसरा बोलीदार शोधावा. याला त्यांचा पुरावा ऋषभ पंत. नोव्हेंबर २०२४, जेद्दा. लखनौची बोली पावणेएकवीस कोटींवर होती. दिल्लीने जुन्या मालकाचा हक्क वापरायला हात वर केला. नियमाप्रमाणे लखनौला एकदा शेवटचा आकडा सांगायचा होता. लखनौने सांगितला सत्तावीस. दिल्लीने हात खाली घेतला. "सव्वासहा कोटी!" काका दोन्ही हातांनी दाखवतात. "समोरच्याचा नुसता हात वर जाण्याची किंमत सव्वासहा कोटी!"

हा सिद्धांत ते मोरागावाहून येणाऱ्या मासेवाल्या मावशींवर चालवायला जातात. "मावशी, सुरमईला दुसरं गिऱ्हाईक नाही. म्हणजे बेस प्राइसलाच सुटणार." मावशी मान वर न करता सांगतात, "त्या बाजूच्या बिल्डिंगमधल्या मॅडमना दोन हव्यात." मग काका हरखून माझ्याकडे वळतात. "बघितलंस? दुसरा बोलीदार!" आणि मागेल तो भाव देऊन टाकतात. काकू दारातून विचारतात, "अहो, पर्समध्ये किती उरले?" त्या घरात विनोदाची वाटणी झाली असेल, तर ती अशी झाली आहे.

यात तेल ओतलं ते मुलाने. तो न्यू जर्सीत, एडिसनला. तिथे त्याला बेसबॉलचा नाद लागला आणि न्यूयॉर्क मेट्स हा संघ जडला. एका भारतवारीत त्याने वडिलांना समजावलं, की बेसबॉलवाले खेळाडूची किंमत धावांवरून काढत नाहीत. तो नसता आणि त्याच्या जागी कुठूनही पटकन मिळेल असा साधा पोरगा उभा केला असता, तर संघाने किती सामने कमी जिंकले असते, एवढंच मोजतात. काकांचे डोळे लकाकले. दुसऱ्या दिवसापासून सोसायटीत प्रत्येकाची बदली-किंमत निघायला लागली. वॉचमन: उणे. (तो नसता तर गेट उघडं राहिलं असतं आणि गाड्या लवकर आत आल्या असत्या.) केबलवाला: शून्य. इस्त्रीवाला: "रिटेन. कितीही मागू दे." मी: "तू राहा. तुझ्या जागी येईल तो कदाचित तबला शिकणारा असेल."

रविवारी 'जलसा'बाहेर गर्दी लोटते, तेव्हा काका रस्त्याच्या पलीकडे उभे राहून अमिताभचं मूल्यमापन करतात. "नव्वदच्या दशकाच्या शेवटी या माणसाला बेस प्राइसलासुद्धा कुणी हात वर केला नसता. कंपनी बुडालेली, पिक्चर पडलेले. दोन हजार साली करोडपती आलं. तेव्हा ज्याने उचलला, त्याला म्हणतात स्काउट!" त्यांच्या लेखी या जातीचा दुसरा सौदा म्हणजे २०१५ला दहा लाखांत घेतलेला हार्दिक पंड्या. त्याच लिलावात दिल्लीने युवराजसाठी सोळा कोटी मोजले होते. हे दोन आकडे ते एका श्वासात म्हणतात, मंत्रपुष्पांजलीसारखे, आणि मग अपेक्षेने थांबतात. मी मुकाट्याने मान हलवतो.

पण त्यांचं खरं दैवत बॉबी बोनिला. या गृहस्थांचं नाव जुहूत फक्त काकांना ठाऊक असावं. मेट्सला ते नकोसे झाले होते, पण देणं एकोणसाठ लाख डॉलर उरलं होतं. बोनिला म्हणाले, आत्ता नको. आठ टक्के व्याजाने नंतर द्या. १९९९नंतर ते मेट्सकडून एक चेंडू खेळलेले नाहीत. पण २०११पासून २०३५पर्यंत दर १ जुलैला मेट्सला त्यांना जवळजवळ बारा लाख डॉलर द्यायचे आहेत. "आठ टक्के! पंचवीस वर्षं! याला खेळाडू नको म्हणूस, याला ब्रँच मॅनेजर म्हण!" दर १ जुलैला काका पावसातून जाऊन इर्ल्याहून पेढे आणतात. वाटताना कारण विचारू नये.

माणुसकीच्या बाबतीत त्यांचा हिशेब थोडा कच्चा आहे. १२ फेब्रुवारी २०२२ला बंगळुरूत हसरंगाची बोली चालू असताना लिलाव पुकारणारे ह्यू एडमीड्स व्यासपीठावरच कोसळले. काकू ओरडल्या, "अगं बाई! शुद्धीवर आले का?" काकाही ओरडले, "बोली कुठे थांबली?" एडमीड्स सावरले, चारू शर्मांनी पुढचं काम सांभाळलं, पण काकू दोन दिवस काकांशी बोलल्या नाहीत. हे दोन दिवस काकांनी राखीव खेळाडूंची यादी करण्यात घालवले.

आणि एवढं सगळं करून हा माणूस सामने बघत नाही! दहाव्या षटकाला त्यांची मान कलते. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "डिसेंबरात सगळे संघ चांगले असतात रे. एप्रिलमध्ये खेळायला लागतात आणि बिघडतात." यावर काय बोलणार?

त्यांचं सर्वांत कडक सूत्र वयाचं. तिशी उलटलेल्या माणसाला भाव आहे तोवर सोडावं. कर्णधार असला तरी. भावना बाजूला ठेवायच्या. रोहितबद्दल हे ते दोन वर्षं चौपाटीवर बोलत होते. अखेर कुणीतरी ऐकलं. नोव्हेंबर २०२३ला हार्दिक गुजरातहून परत आला, कॅमेरॉन ग्रीन बंगळुरूला गेला आणि १५ डिसेंबरला मुंबईने जाहीर केलं, की कर्णधार हार्दिक. रोहित छत्तीस वर्षांचा, पाच विजेतेपदं नावावर. काकांचं सूत्र अक्षरशः अमलात आलं होतं.

काका चार दिवस चालायला आले नाहीत. पाचव्या दिवशी आले आणि समुद्राकडे बघत म्हणाले, "हिशेब बरोबर आहे. माणसं चुकीची आहेत." त्या मोसमात वानखेडेवर प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो उडवली, तेव्हा जुहूत पंच्याहत्तरीला आलेला एक निवृत्त अधिकारीही खिडकी लावून घेऊन हुर्यो करत होता. मुंबई दहावी, म्हणजे शेवटची आली. काका म्हणाले, "बरं झालं." एवढ्या एका मोसमात त्यांनी सगळे सामने जागून पाहिले.

मला हा माणूस थोडाफार कळला तो गेल्या सप्टेंबरात. व्हीआरएस घेतल्यापासून काका आमच्या सोसायटीचे खजिनदार होते, बिनपगारी, अर्थातच. वार्षिक सभेत एका तरुण सभासदाने सुचवलं, की आता हिशेबाला अॅप घेऊ, काकांना किती त्रास द्यायचा? त्रास हा शब्द सभेत आला, की माणूस गेला म्हणून समजावं. शाल आली, श्रीफळ आलं, टाळ्या झाल्या. जिना उतरताना काका मला म्हणाले, "बरोबर केलं. वयाचं सूत्र आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "बँकेनेही दोन हजार एकमध्ये माझी किंमत काढली होती. एका वर्षाच्या नोकरीला साठ दिवसांचा पगार. गुणाकार करून हातात दिला. मी सही केली. घासाघीस करणार कशी? माझ्यासाठी दुसरा बोलीदारच नव्हता."

त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. सिद्धांताला आणखी एक उदाहरण म्हणून सांगितलं.

१६ डिसेंबरला अबू धाबीत लिलाव होता. मुंबईकडे दहा संघांत सगळ्यात कमी पैसे, पावणेतीन कोटी. पूर्वी काका यावर चिडले असते. यंदा खुशीत होते. "बहुतेकांना ठेवलं म्हणून पर्स रिकामी आहे. पालघरचा शार्दूल लखनौहून घरी आला. आणखी काय हवं?" मुंबईने एक कोटीला क्विंटन डी कॉकला घेतलं. २०१९ आणि २०२०च्या विजेत्या संघातला हा माणूस दुसऱ्या दिवशी तेहतीस पूर्ण करणार होता. मी वयाच्या सूत्राची आठवण करून दिली. काका म्हणाले, "गप रे. आपलाच आहे तो."

तेवढ्यात दारात सेक्रेटरी. अॅपमधला आकडा एक, पासबुकातला दुसरा, ऑडिटर खाली बसलेले, आणि नव्या खजिनदारांचा फोन बंद. काका येतील का? मोबदला पूर्वीचाच, म्हणजे शून्य. दुसरा बोलीदार नसला, तरी सूत्राप्रमाणे काकांनी दोन दिवस तरी ताणून धरायला हवं होतं. पण ग्रीनसाठी कोलकात्याने पंचवीस कोटी वीस लाख कसे मोजले, याचं दुपारपासून चाललेलं विवेचन अर्धवट टाकून ते उठले, टीव्ही तसाच ठेवला आणि चपला न घालता जिना उतरायला लागले. पहिल्या मजल्यावर त्यांचा आवाज ऐकू आला, "आधी मला सांगा, पर्समध्ये किती उरले?"

सेक्रेटरींना ते सांगता आलं नाही. काकांच्या बदली-किमतीच्या सूत्राने पाहिलं, तर गेल्या तीन महिन्यांत त्यांचा भाव चांगलाच वर गेला आहे. हे मी त्यांना अजून बोललेलो नाही. बोललो, तर ते आकडा काढतील आणि तो मला रोज सकाळी चौपाटीवर ऐकावा लागेल.