पुरवणी

परीक्षेच्या हॉलमध्ये पहिली वीस मिनिटं शांत जातात. अभ्यास करून आलेले प्रश्नपत्रिका वाचत असतात आणि न करून आलेले पंखा. मग मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, पुरवणी!" पुढच्या बाकावरची हुशार मुलगी दचकून मागे बघते. तिचं अजून पहिलंच पान चालू असतं.

इतकी वर्षं मराठी शिकवतोय, हा आवाज दर वर्षी ऐकतो. चेहरा बदलतो, आवाज तोच. म्हणून मी त्या प्राण्याचं नावच पुरवणी ठेवलंय.

पुरवणीला पुस्तकाचं वावडं नाही, दोघांची गाठ तेवढी पडत नाही. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी, मग डिपिंग, मग विरळणी, मग माल काढायचा, तोवर उन्हाळ कांदा तयार. "वर्गात का नव्हतास?" "सर, कांदे काढू राह्यलो व्हतो." लासलगावची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर असलेल्या विंचुरात या उत्तरावर पुढचा प्रश्न नसतो. उलट मास्तरच विचारतो, "मग, काय भाव निघाला?"

उत्तरपत्रिका मात्र त्याची देखणी. दोन बोटं समास, ओळीत चार शब्द, मथळ्याखाली दुहेरी रेघ. सुरुवात 'प्रस्तुत प्रश्नात विचारल्याप्रमाणे' आणि शेवट 'अशा प्रकारे वरील विवेचनावरून दिसून येते की'. या दोन टोकांच्या मध्ये जिथे ज्ञान असायला हवं, तिथे विंचूर असतं.

विषय पाश्चात्य साहित्यविचार. म्हणजे अ‍ॅरिस्टॉटल आणि ग्रीक शोकांतिका. अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी मराठीत आणून ठेवलंय. ते पुस्तक आमच्या ग्रंथालयातही आहे, पण त्याच्या तारखांच्या चिठ्ठीवरचे सगळे शिक्के माझेच आहेत. पोरांचा अ‍ॅरिस्टॉटल गाइडातून येतो. पुरवणीचा तोही नाही. त्याचा अ‍ॅरिस्टॉटल हॉलच्या दारात, आत शिरता शिरता मित्राने सांगितलेल्या दोन शब्दांतून उगवतो.

यंदा पहिला प्रश्न होता शोकांतिकेच्या उगमाचा. ट्रॅजेडी या शब्दाचा मूळ अर्थ 'बोकडाचं गाणं', हे मी वर्गात सांगितलं होतं. त्यातला बोकड तेवढा पुरवणीपर्यंत पोचला. त्याने लिहिलं : 'ग्रीक लोक जत्रेत बोकड कापत. बोकडाच्या दृष्टीने ही शोकांतिका होय. जेवणाऱ्यांच्या दृष्टीने ती सुखात्मिका होय. यावरून नाटकाचे दोन प्रकार पडले.' मी लाल पेन खाली ठेवलं. बोकड बक्षीस म्हणून मिळायचा की बळी म्हणून जायचा, यावर पंडितांचं अजून एकमत नाही. पण बोकडाची बाजू विचारात घेणारा अभ्यासक माझ्या पाहण्यात हा पहिलाच.

दुसरा प्रश्न डायोनायससचा. 'हा दारूचा देव असल्याने त्याचे ठाणे एमआयडीसीत असते. विंचूर येथे वाइन पार्क झाल्याने आपल्याकडेही ग्रीक नाटक सुरू होण्यास मोठा वाव आहे.' हसलो, आणि हसता हसता अडकलो. अथेन्समध्ये डायोनायससच्या उत्सवातच शोकांतिकांच्या स्पर्धा व्हायच्या. एका कवीची तीन नाटकं लोक सकाळपासून ओळीने बघायचे. उत्सवाचा काळ मार्च-एप्रिल, म्हणजे आमच्या परीक्षांचाच. फरक इतकाच, की तिथे बघणारे रडायचे आणि इथे तपासणारा.

कोरस म्हणजे काय? गाइड म्हणतं, 'समूहगान'. हुशार मुलीने तेच लिहिलं. पुरवणीने लिहिलं, 'कोरस म्हणजे झीलकरी. नायकाने कितीही मूर्खपणा केला तरी जागचे न हलता जी जी म्हणणे हे त्यांचे काम.' सॉफोक्लीस या ग्रीक नाटककाराच्या काळात कोरसमध्ये पंधरा जण असत. ते गात, नाचत, नायकाला समजवायला जात, आणि तो ऐकत नाही म्हटल्यावर हळहळत. शाहिरामागचा झीलकरी त्यांचा लांबचा नातेवाईक शोभेल, समूहगान नाही शोभणार. अर्धा गुण जास्त दिला.

पुढे वाचलं : 'नाटक अडकले की जेसीबीने देव खाली उतरवतात.' आता ग्रीक रंगभूमीवर देव उतरवायला खरोखरच एक यारी असायची. युरिपिडीसची मीडिया तर शेवटी सूर्याच्या रथात बसून वरच्या वर निघून जाते, आणि नाटक असं बाहेरून सोडवण्यावर अ‍ॅरिस्टॉटलने नाक मुरडलंय. क्रेनऐवजी जेसीबी लिहिला म्हणून गुण कापायला मी काही आरटीओ नाही.

सगळ्या उत्तरांत असं घबाड सापडत नाही. काही ठिकाणी पुरवणी शुद्ध पुरवणीच असतो. नायकाच्या हातून घडणारी चूक म्हणजे हॅमर्शिया. हा लिहितो, 'हॅमर्शिया ही ओयदिपौसची थोरली मुलगी.' 'राजा ओयदिपौस हे नाटक पु. ल. देशपांडे यांनी लिहिले. सॉफोक्लीस यांनी त्याचे ग्रीकमध्ये भाषांतर केले.' आणि शोकांतिकेचं उदाहरण म्हणून पानिपत : 'मात्र विठ्ठल शिवदेव विंचूरकर सुखरूप परत आल्याने विंचूरपुरती ती शोकांतिका धरता येणार नाही.' १७६१ च्या त्या संहाराकडे इतक्या स्थानिक नजरेने कुणी बघितलं नसेल.

सगळ्यांत मोठं उत्तर विरेचनाचं, म्हणजे 'कॅथार्सिस'चं. दोन पुरवण्या. 'विरेचन म्हणजे पोट साफ होणे. ग्रीक प्रेक्षक नाटकाआधी एरंडेल घेत. त्यामुळे मध्येच उठून जावे लागे. म्हणून नाटक आटोपशीर असावे असे अ‍ॅरिस्टॉटलने बजावले.' ओट्यावर बसून तपासत होतो. हसण्याच्या आवाजाने बायको बाहेर आली, तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग खरं काय आहे?"

तिथे माझी पंचाईत झाली. कारण अ‍ॅरिस्टॉटल वैद्याचा मुलगा. बाप मॅसिडोनियाच्या राजाचा वैद्य. 'कॅथार्सिस' हा शब्द ग्रीक वैद्यकात पोट साफ होण्यालाच वापरत. १८५७ मध्ये याकोब बेर्नायस या जर्मन पंडिताने ठासून सांगितलं, की काव्यशास्त्रातला अर्थसुद्धा वैद्यकातूनच घ्यायला हवा : तुंबलेलं भय आणि करुणा नाटक बाहेर काढतं. म्हणजे एरंडेल चूक, पण पोटाची दिशा बरोबर. बायको म्हणाली, "मग हसताय कशाला?" आणि आत गेली.

मग गाइडवाल्यांचा गठ्ठा काढला. 'अ‍ॅरिस्टॉटलने स्थल, काल व कृती ही तीन ऐक्ये सांगितली.' चाळीस पेपर, चाळीस वेळा तेच वाक्य, आणि तेच चुकीचं. अ‍ॅरिस्टॉटलचा आग्रह कृतीच्या ऐक्याचा. काळाबद्दल तो जाता जाता बोलतो, स्थळाबद्दल बोलतच नाही. तीन ऐक्यांचा नियम १५७० मध्ये कास्तेलवेत्रो या इटालियन टीकाकाराने घट्ट केला. पुरवणीने मात्र लिहिलं होतं, 'तीन ऐक्ये : शेतकरी, व्यापारी, हमाल. यातले एक जरी फिसकटले तरी लिलाव बंद पडतो.' चूक दोघांचीही. पण चाळीस जणांची चूक छापील होती, याची स्वतःची होती.

उरली होती तोंडी परीक्षा. पुरवणी समोर बसला. शर्टाच्या बाहीला कांद्याची टरफलं.

"ओयदिपौस कोण?"

"राजा, सर."

"त्याची चूक काय झाली?"

छताकडे बघून म्हणाला, "तीन पाटीवर हुज्जत घातली, सर."

मी गप्प. वर्षभरात तो ज्या एका तासाला आला, त्याच तासाला मी सांगितलं होतं, की तीन रस्ते मिळतात तिथे ओयदिपौसच्या हातून बाप मारला गेला. समोरून रथ आला, साइड कुणी द्यायची यावरून जुंपली, आणि आपला बाप कोण हे माहीत नसलेल्या पोराने तो संपवला. आमच्या विंचुरातही एक रस्ता निफाडकडून येतो, एक येवल्याकडे जातो, एक लासलगावला फुटतो. त्या तिठ्याला म्हणतात तीन पाटी. कांद्याच्या हंगामात तिथे ट्रॅक्टरवाल्यांत साइडवरून रोज दहा ओयदिपौस होता होता राहतात.

"आणि सर," तो म्हणाला, "त्या राक्षशिणीनं कोडं घातलं, त्याचा तरी कुठं अभ्यास व्हता? तोंडी परीक्षेत पास झाला, राज्य भेटलं. घोळ पुढं झाला."

पास केलं.

परवा तीन पाटीवर चहाला थांबलो होतो. कांद्याच्या गोण्या भरलेली पिकअप कडेला लागली आणि पुरवणी खाली उतरला. आता मालक. पाया पडला, चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. मग म्हणाला, "सर, एक इचारायचं राहून गेलं. त्या राजानं डोळे फोडून घेतले, मग पुढं काय झालं त्याचं?"

परीक्षा संपल्यावर ग्रीक नाटकाबद्दल कुणी प्रश्न विचारण्याची ही माझ्या नोकरीतली पहिलीच वेळ. मी चहा विसरून सांगू लागलो. आंधळा ओयदिपौस मुलीचा हात धरून गावोगाव भटकला. शेवटी अथेन्सजवळ कोलोनस गावी आला, अथेन्सच्या राजाने त्याला आसरा दिला, आणि तिथेच तो शांतपणे गेला. सॉफोक्लीसने हे वेगळं नाटक लिहिलं तेव्हा तो नव्वदीला टेकला होता. ते रंगभूमीवर यायच्या आतच वारला.

पुरवणीने सगळं ऐकून घेतलं. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. याने हात करून त्याला थांबवलं.

"म्हंजे सर," तो म्हणाला, "नव्वदीत बी त्या बाबानं पुरवणी मागितली म्हणा की!"

आणि साइड देऊन येवल्याकडे निघून गेला.