मांडवीवरचा मानमरातब

ज्या साताऱ्याच्या गादीवरून पेशव्यांना वस्त्रे मिळत आणि ज्या सांगलीस १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांनी आपली राजधानी केली, त्या मुलखातील हळदीचे अडते आणि उसाचे बागायतदार आता प्रतिष्ठेची सनद पणजीस मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोच्या जहाजांवरून आणू लागले, हे कालमहिम्यास धरूनच झाले. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा अंमलात न येताच २०२३ साली रद्द झाला. तेव्हा हा दरबार परमुलखातच भरणार. व्हिडिओ पोकरच्या यंत्रात जितकी रक्कम फिरवावी तितके गुण कॅसिनोच्या सभासद-कार्डावर जमा होतात, मग ती रक्कम राहो वा जावो; आणि त्या गुणांवरच कार्डाचा दर्जा ठरतो. फुल हाउसला नऊपट व फ्लशला सहापट देणारे, त्यातल्या त्यात उदार यंत्रही, बिनचूक खेळणाऱ्यास शंभरामागे सरासरी ९९ रुपये ५४ पैसेच परत करते. म्हणजे लाखाच्या उलाढालीस ४६० रुपये नजराणा, आणि चुकणाऱ्यास त्याहून अधिक. एरवी मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपयांची घासाघीस करणारे आमचे एक स्नेही सोनेरी कार्ड पाकिटातून अर्धे बाहेर डोकावेल असे ठेवतात, आणि जहाजावर जेवण ‘फुकट’ मिळाल्याचे सद्गदित होऊन सांगतात. जुनी वतने निदान वंशपरंपरेने चालत. हा दर्जा मात्र खेळ थांबला की मुदतीअंती खालसा होतो.