फेटा परत करावा

यंदाच्या ‘जिल्हा गौरवरत्न’ सोहळ्याच्या पत्रिकेत तळाशी बारीक टायपात सूचना आहे : ‘सत्कारमूर्तींनी फोटो काढून झाल्यावर फेटा स्वयंसेवकाकडे परत करावा.’ शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह घरी न्यायला हरकत नाही. ती नोंदणी शुल्कातच धरलेली आहेत.

फेटा मात्र भाड्याचा. तोही शिवलेला, टोपीसारखा डोक्यावर ठेवायचा. बांधायचा म्हटला तर आठ-नऊ मीटर कापड आणि बांधणारा माणूस हवा. इथे रत्नं शंभरावर, फेटे दहा. रत्न डावीकडून चढतं, फेटा घालतं, कॅमेऱ्याकडे बघतं, उजवीकडून उतरतं. खाली स्वयंसेवक तो काढून घेतो आणि मंडपामागून पळत पुन्हा डावीकडे नेतो. सहकाररत्नाचा घाम शिक्षणरत्नाच्या कपाळाला, शिक्षणरत्नाचं खोबरेल तेल उद्योगरत्नाच्या टकलाला आणि उद्योगरत्नाचा कलप थेट अध्यात्मरत्नापर्यंत. जिल्ह्यातल्या थोर डोक्यांत याहून मोठी देवाणघेवाण आजवर झालेली नाही. माप सगळ्यांना एकच. कृषिरत्नाच्या तो टाळूवर डुगडुगतो, युवारत्नाच्या नाकावर उतरतो. फोटोतलं आपलं रत्न घरच्यांनी शर्टावरून ओळखायचं. आयोजकांचा फेटा तेवढा बांधलेला, तुऱ्यासकट, आणि तो प्रत्येक फोटोत.

राज्यघटनेच्या १८व्या कलमाने लष्करी आणि शैक्षणिक मान वगळता किताब द्यायला सरकारला बंदी केली. मंडपात माईक धरून बसलेल्यांचा बंदोबस्त करायचं मात्र राहून गेलं.

यादीला वजन यावं म्हणून एखादा खरा माणूसही लागतो. मग दरसाल कुठला तरी म्हातारा ढोलकीवाला गाठतात आणि त्याला कलारत्न करतात. तो आपला फेटा स्वतः बांधून येतो. उभी हयात फडावर तसाच उभा राहिलेला. पायरीशीच त्याला सांगतात, ‘‘बाबा, तुमचा काढा, कलर मॅच होत नाही.’’ तो काढतो. अरे, ज्याच्या थापेवर तुमच्या बापजाद्यांनी रात्री जागवल्या, त्याच्या डोक्यावरचा फेटा उतरवून त्याचा सन्मान करता? आणि पाकीट? पाकीट नाही. एसटीचं भाडंही नाही. कलावंत मानधनाच्या अर्जाला हे सन्मानपत्र तरी जोडता येईल, या आशेवर तो आलेला असतो. त्यावर त्याचं नाव चुकलेलं असतं. आयोजकांचं नाव सोनेरी अक्षरांत, बिनचूक.

रत्नं विकून गल्ला भरतोच आहे, तर त्यातून फेटे विकत घ्या. नाही घेतलेत तरी चालेल. त्या म्हाताऱ्याच्या डोक्याला तेवढा हात लावू नका.