पुढील कार्यवाहीस्तव

आवक-जावक विभागात ३१ वर्षं काढल्यावर माणसाने अंगणात तुळशी लावाव्यात, नातवाला सायकल शिकवावी. मी जुनी जीप घेतली. महिंद्राची एमएम ५४०, प्यूजो बनावटीचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, रंग लष्करी हिरवा, आवाज लातूरच्या डाळमिलचा. घरात विचारून घ्यायची म्हटलं असतं तर राहूनच गेली असती, म्हणून विचारलं नाही.

पहिली वारी सासुरवाडीची. सासू-सासऱ्यांना लातूरहून नांदेडला आणायचं होतं. मे महिना, पारा ४३वर. सासरे मानाने पुढे, सासूबाई आणि ही मागच्या बाकड्यावर. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. लोहा जवळ यायला लागलं तसा सासऱ्यांनी एक पाय वर घेतला. मग दुसरा. लोह्याच्या चौकात ते सीटवर चक्क मांडी घालून बसले होते.

"जावईबापू, गाडी हाय का शेगडी? धपाटं भाजून निघंल की हितं."

खाली पाहिलं तर त्यांच्या नव्या चपलेचा रबरी तळ पत्र्याला चिकटला होता. ओढला तर गुळाच्या पाकासारखी तार निघाली.

दुसऱ्या दिवशी देगलूर नाक्यावर उस्तादांना गाठलं. त्यांनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं, आणि ज्याच्याबद्दल मी गाऱ्हाणं करत होतो त्यावर थुंकी टाकली. ती चर्रकन उडाली. "साब, ये मॅनिफोल्ड है. आग इदरसेच निकलती. गरम नै होंगा तो क्या थंडा होंगा?"

मॅनिफोल्ड म्हणजे बिडाचा पंजा. चारही सिलिंडरांचा जळका धूर चार बोटांतून येतो, मनगटाशी एक होतो आणि बेंड पाईपात उतरतो. पुण्याच्या भाच्याने फोनवर माझं ज्ञान वाढवलं. शर्यतीच्या गाड्यांना म्हणे बिडाऐवजी वाकवलेल्या नळ्यांचा जुडगा असतो, त्याला हेडर म्हणतात. "मामा, तुम्ही सिरॅमिक कोटिंगच करा." म्हणजे मॅनिफोल्ड उतरवायचं, वाळूच्या फवाऱ्याने घासायचं, लेप फवारायचा आणि भट्टीत भाजायचं. भाव ऐकला आणि मी आवाज नीट येत नसल्याचं सांगितलं.

मग क्रोमची चौकशी केली. चकाकी दोन दिवसांची. साधारण ३०० अंशांना पोलाद निळं पडतं; बुलेटवाल्या पोरांच्या बेंड पाईपवर ती मोरपिशी झाक दिसते ना, तीच. पोरं ती मिरवतात. माझ्या वयाला शोभलं नसतं. जस्ताचा मुलामा तर बादच, जस्त ४२० अंशांच्या आतच पातळ होतं. जुन्या जॅग्वार गाड्यांच्या मॅनिफोल्डवर काचेचं एनॅमल असायचं. म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या पांढऱ्या तसराळ्यावर असतं तेच. ही बातमी मी घरात उगाचच सांगितली.

कारण आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "मग कल्हईच कर की. नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं, झालं." कथील २३२ अंशांनाच वितळतं, लोह्याच्या अलीकडेच रस्त्यावर ठिबकेल, असं मी समजावलं. ती म्हणाली, "मंग बिडाचंच हाय म्हणतोस तर तेल लाव. तव्याला कुणी रंग लावतं का?" पण धपाटी ही तव्याच्या आयुष्यातली कमाल, आणि घाट चढताना डिझेलचा धूर ५०० अंशांच्याही पुढे जाऊ शकतो. तेल तिथे क्षणभरात धूर होऊन जाईल.

शेवटी मी स्वतःच्या अकलेने गेटला लावतात तो चंदेरी रंग आणला. पाव लिटरचा डबा, दोन हात, चांदीचा पंजा. ताबूतात शोभला असता. पहिल्याच फेरीत तो फुगला, पापुद्रे सुटले आणि असा वास सुटला की वजिराबादपर्यंत माझ्या आधी माझी बातमी पोचली.

उस्ताद हसले नाहीत, हे मी विसरणार नाही. त्यांनी ६०० अंशांचा सिलिकॉनवाला रंग सांगितला. आधी तारेच्या ब्रशने गंज काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, थिनरने पुसायचं, आणि "हात नै लगाना साब, हात का तेल भी बैरी है." मी एकदाच लावला. आजही तिथे माझ्या अंगठ्याएवढा रंग गेलेला आहे. बँकेत सही जुळली नाही तर तो दाखवता येईल.

हा रंग भाजून पक्का करावा लागतो. दहा मिनिटं इंजिन चालवा, गार होऊ द्या, मग वीस, मग आणखी. दुसऱ्या पाळीला पांढरा धूर गल्लीभर झाला. समोरच्या वहिनी बादली घेऊन धावत आल्या. तापल्या बिडावर गार पाणी पडलं तर तडा जातो, म्हणून मी आडवा पडलो. आग नाही म्हटल्यावर त्यांनी बादली, थेंब न सांडता, तशीच परत नेली. त्यांचं माहेर लातूरचं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी त्यांनी प्यायलं आहे.

राहिला बेंड पाईप. त्याला काचेच्या धाग्याची पट्टी गुंडाळायचं ठरलं. पट्टी भिजवून, ताणून, प्रत्येक वेढा आधीच्यावर थोडा चढवत न्यायची. मला जमेना. सासरे पायरीवरून बघत होते. ते उठले, धोतर खोचलं आणि जमिनीवर पाठ टेकून त्यांनी पाईपला असा फेटा बांधला की शेमला तेवढा सोडायचा राहिला. त्या धाग्याने दोघांनाही दोन दिवस खाज सुटली. पावसाळ्यात ही पट्टी पाणी धरते आणि आतून पाईप गंजवते, हे भाच्याने नंतर सांगितलं. पावसाळा यायचाय.

भाच्याने आणखी एक सांगितलं. लेप लावला म्हणून उष्णता नाहीशी होत नाही. ती आतल्या आत राहते आणि धुराबरोबर पुढे जाते. मी फोन धरून गप्प झालो. पुण्यात इंजिनियर होऊन या पोराला जे कळलं, ते मी ३१ वर्षं करत आलो होतो. कागद टेबलावर तापला की त्यावर 'पुढील कार्यवाहीस्तव सादर' लिहायचं आणि सोडायचा. माझं टेबल कायम गार. कुठेतरी कुणाचं तरी तापत असणार. तो विभाग वेगळा.

सासू-सासऱ्यांना परत सोडायला निघालो. लोहा गेलं, सासऱ्यांचे पाय खाली. अहमदपूरला तर त्यांना डुलकी लागली. मी आरशात पाहून मिशीवरून हात फिरवला, तेवढ्यात आरशात सासूबाई अर्धवट उठून बाकड्याच्या कडेला सरकताना दिसल्या.

"अहो," ही मागून म्हणाली, "आई म्हणायलीय, खालून लई गरम यायलंय."

मागच्या बाकड्याच्या बरोब्बर खाली सायलेन्सर आहे.

मी आवक नोंद घेतली.