बॅकअपकाका

हे गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असणारच. आमचे बी विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये मी म्हणालो, "काका, मुलीचं लग्न ठरलं." म्हणाले, "वा! पत्रिकेच्या फाइलची कॉपी ठेवलीस?"

"ठेवली."

"उघडून पाहिलीस?"

त्यांचा मंत्र तीन-दोन-एक : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. नियम जगन्मान्य आहे, पण काका तो घराच्या किल्ल्यांनाही लावतात. गेल्या मे महिन्यात लॅच लागला, दोन्ही किल्ल्या आत राहिल्या आणि काका तीन तास जिन्यात बसून होते. तिसरी किल्ली बहिणीकडे सांगलीला सुखरूप होती.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची अपडेट्स थांबली. माझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरात टीपीएम २.० नाही, त्यामुळे ११ त्याच्या नशिबात नव्हतं. हे कसं कोण जाणे काकांना कळलं आणि संध्याकाळी पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घेऊन ते दारात हजर. चपला काढायच्या आधी विचारलं, "बॅकअप?"

"घेतलाय."

"उघडून पाहिलास?"

नव्हता पाहिला. मग काय, चार संध्याकाळी गेल्या. आधी पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासले. त्यात आतल्या फायलींना धक्का लागत नाही म्हणे. मग हार्डडिस्कवरची कॉपी त्यांच्या लॅपटॉपला जोडून एकेक फाइल उघडली. २०१६चं लाइट बिल उघडलं. 'नवीन फोल्डर' उघडला, त्यातला 'नवीन फोल्डर (२)' उघडला. तो रिकामा निघाला. "रिकामा, पण उघडला," काका समाधानाने म्हणाले. बायकोने चौथा चहा टाकला तो माझ्याकडे न बघता.

शेवटी 'डिस्क पुसून इन्स्टॉल करा' यावर मी क्लिक करणार, तोच काकांनी मनगट धरलं. "बाहेरची हार्डडिस्क काढलीस?"

लटकतच होती. आणि यादीत मी निवडलेली डिस्क तीच होती. चौदा वर्षांचे फोटो. मी काही बोललो नाही, काकाही बोलले नाहीत. एरवी ते गप्प बसत नाहीत.

मिंट बसल्यावर त्यांनी खिशातून दुसरा पेनड्राइव्ह काढला. "ही तुझी कादंबरी. २००९ला वाचायला दिली होतीस."

एक्सपी सोडताना ती उडाली होती. तेव्हापासून नातेवाइकांत माझी कीर्ती होती : गेली बिचाऱ्याची, नाहीतर मोठा लेखक झाला असता. फाइल उघडली तर नुसती चित्रविचित्र चिन्हं. मला हायसं वाटलं. पण काकांनी तो युनिकोडपूर्व जमान्यातला फॉन्टही जपून ठेवला होता. फॉन्ट टाकला आणि अक्षरन् अक्षर समोर आलं. अडीच प्रकरणं.

"उघडून पाहिली होतीत?" मी विचारलं.

"दोनदा वाचली," काका पडद्याकडे बघत म्हणाले. "पुढचं कुठेय?"

ते गेल्यावर रात्री मी ती फाइल डिलीट केली. सकाळी लिफ्टमध्ये भेटले.

"कादंबरीची काळजी करू नकोस," म्हणाले. "तिसरी प्रत सांगलीला आहे."